सिस्टरला विचारा

३ ऑगस्ट

धाकटे,

अक्षर बघून पाकीट परत बंद करू नकोस. डाव्या हाताने लिहितेय. उजवा कामाचा राहिला नाही हे तुला माहीत आहे. म्हणजे तुझ्या मते तो ठणठणीत आहे आणि बिघडलेय ती मी. असो. चौथी शिकलेल्या बाईने डाव्या हाताने लिहिलंय, चुका असणारच. काढत बसू नकोस.

फोन केला असता, पण तू माझा नंबर बंद करून ठेवलायस. पत्ता मावशीकडून घेतला. ती देईना. मग मी तिच्या दारातल्या स्टुलावर नुसती बसून राहिले, एक अक्षर बोलले नाही. तशी घाबरली आणि दिला.

आता कामाचं. सोमवारी मला इस्पितळात भरती करणार आहेत. पाठीतून मणक्यात एक बारीक नळी घालायची आणि तिच्यातून थेंब थेंब औषध सोडायचं, असं ठरलंय. दुखतो हात आणि नळी पाठीत का, असं तू म्हणशील. मीही म्हटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या हातात आता काहीच बिघाड उरलेला नाही."

मी उठलेच. म्हटलं, ही पण धाकटीच्याच पार्टीतली.

"बसा हो," त्या म्हणाल्या, "हातात बिघाड नाही म्हणाले. दुखत नाही असं कुठे म्हणाले?"

हे वाक्य मला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. बसले.

त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत लिहिते. हातातली नस पाठीच्या कण्यात येऊन थांबते. तिथून पुढे मेंदूकडे दुसरी नस जाते. दोघींच्या मध्ये फट असते. पहिलीने दुसरीला निरोप द्यायचा तो रसायनांनी, प्रथिनाच्या बारक्या बारक्या तुकड्यांनी. त्यांचं नाव न्यूरोपेप्टाइड. माझ्या तोंडात ते बसेना. दोनदा मी 'पेपर टाइट' म्हटलं, तेव्हा बाई हसल्या. मी त्यांना निरोपे म्हणते. काही निरोपे बोंब मारतात, आग लागली, धावा. काही दुसऱ्यांना गप्प करतात, असू दे, एवढं काही नाही. धडधाकट माणसात दोन्ही आपापलं काम करतात. हात भाजला की बोंब मारणारे वाढतात. जखम भरली की त्यांनी कमी व्हायचं असतं. माझे झाले नाहीत. गप्प करणारे मात्र दमले.

मला पटायला वेळ लागला नाही, कारण लॉन्ड्रीत आता एका हाताने कपडे मोजायला बसते, तिथे हेच रोज बघते. हॉटेलच्या वरच्या मजल्यांवरचे कपडे भिंतीतल्या नळकांड्यातून खाली तळघरात पडतात. तिथे एक बाई उभी असते, कपडे आले की आत हाक मारते. माझ्या अपघातानंतर ती जागा एका नव्या बाईला दिली. आम्ही तिला भोंगा म्हणतो. एक टॉवेल पडला तरी ही ओरडते, "आलं गं आलं, सगळा मजला आला!" आम्ही हातातलं टाकून धावायचं आणि बघायचं तर एक टॉवेल. माझ्या मणक्यात तसलीच एक भोंगा बसलीय. चादरीचा कोपरा हाताला लागला तर ती वर कळवते की इस्त्रीच्या तापलेल्या रोलरमध्ये पुन्हा हात गेला. दर वेळी. उभा जन्म चादरी घडी करण्यात गेला माझा, आता झोपताना उजवा हात चादरीबाहेर ठेवावा लागतो.

हे तुला समजावं म्हणून लिहीत नाही. तुझ्या मुलीच्या लग्नात तिने प्रेमाने माझा हात धरला आणि मी तो हिसकावून घेतला. तू चारचौघांत माझा पंजा सगळ्यांना दाखवलास. "बघा, कातडी कशी गुळगुळीत झालीय. नाटक पुरे आता, ताई." मी उलट बोलले नाही. मी! कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. त्याचंही तुला काही वाटलं नाही.

तर, सोमवारी. नळी मणक्यात जायची आहे, बरंवाईट झालं तर तुला लोकांकडून कळायला नको, एवढ्यासाठी हे पत्र. यायची काही गरज नाही.

ताई


१४ ऑगस्ट

धाकटे,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण आता मात्र काम पडलंय, आणि ते तुझ्याशिवाय होणारं नाही. नाइलाज आहे. माझाही आणि तुझाही.

औषध लागू पडलं होतं. पडलं होतं, आणि बंद केलं. कसं ते नीट ऐक.

हे औषध म्हणे समुद्रातल्या एका गोगलगायीच्या विषावरून बनवलंय. ती माशाला डंख मारते आणि मासा जागच्या जागी गार. त्यातलं एक द्रव्य माणसाच्या कण्यात अगदी थोडं सोडलं, की पहिल्या नसेच्या टोकातून बोंब मारणारे निरोपे सुटतच नाहीत. भोंग्याच्या तोंडावर हात. पण ते डोक्यातही गोंधळ घालू शकतं. माणूस भलतंसलतं बोलतो, चिडतो, माणसं ओळखत नाही. म्हणून फार सावकाश द्यायचं आणि बोलण्याकडे लक्ष ठेवायचं.

पहिल्या दिवशी काही फरक नाही. दुखत होतं, मी गप्प पडून होते. माझं असंच झालंय हल्ली, दुखायला लागलं की बोलणं आत जातं. नर्स छान पोरगी आहे, सारखी "मावशी, मावशी" करत होती. करू दिलं.

दुसऱ्या दिवशी ती चादर बदलायला आली. नव्या चादरीचा कोपरा माझ्या उजव्या हातावर पडला. मी डोळे मिटून घेतले. आणि काही नाही. नुसती चादर. जरा जास्त खळ लावलेली.

"पुन्हा टाक," मी म्हटलं.

"काय मावशी?"

"चादर. हातावर. पुन्हा टाक."

तिने टाकली. परत टाकायला लावली. मग आणखी एकदा. मग म्हटलं, "किती खळ घालतात गं ही माणसं, याला चादर म्हणायची का पुठ्ठा? आणि ही घडी कुणी केलीय, कोपऱ्याला कोपरा मिळत नाही. आणि मावशी काय सारखं? तुझी मावशी मी कधी झाले?"

ती दोन पावलं मागे सरकली. "मावशी, आज वार कोणता आहे?"

"तुझ्या मागे भिंतीवर लिहिलाय. मागे वळायला पैसे पडतात का?"

गेली ती तशीच डॉक्टरीणबाईंकडे. रुग्ण चिडली आहे, नाती ओळखत नाही, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला सांगते.

बाई आल्या. मी म्हटलं, "अहो, मी अशीच आहे. उलट आज किती दिवसांनी माणसात आलेय." त्या म्हणाल्या, "औषध डोक्यात गेलेलं प्रत्येक माणूस हेच सांगतो. तुमचं मूळचं बोलणं कसं आहे हे सांगणारं कुणी आहे का?"

आता नवरा तर कधीच गेला. तो असता तर त्याने लिहून दिलं असतं, ही बाई अशीच आहे, वापरून बघितलेली आहे. म्हणून मी म्हटलं, "सिस्टरला विचारा."

घरात कधी तुला सिस्टर म्हटलंय का मी? पण एवढ्या शिकलेल्या बाईसमोर 'धाकटी बहीण' म्हणायला जीभ लाजली. शायनिंग मारायला गेले. आणि त्यांनी विचारलं की सिस्टरला! तीच ती पोरगी. ती प्रामाणिकपणे म्हणाली, "आल्या तेव्हा अगदी गरीब गाय होत्या हो. एक शब्द बोलत नव्हत्या. आज औषध चढल्यापासून हे सुरू झालंय."

झालं. औषध बंद. संध्याकाळपर्यंत भोंगा पुन्हा नळकांड्यापाशी उभी.

मी समजावलं, सिस्टर म्हणजे ही सिस्टर नव्हे, माझी सिस्टर. तर बाई आणखीच काळजीत पडल्या. दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीतली भोंगा भेटायला आली, तिला विचारलं. ती म्हणाली, "मी कामाला लागले तेव्हापासून ताई गप्पच असतात. फार सोशिक बाई." सोशिक! बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की आता काय शिल्लक राहिलं.

नळी काढून घरी पाठवलंय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा बोलावतील. अपघाताच्या आधीपासून मला ओळखणारं कुणी सोबत आलं, रोज माझ्याशी बोललं आणि हिचं बोलणं मूळचंच आहे असं म्हणालं, तर औषध परत सुरू करतील. नाहीतर नाव कमी. लॉन्ड्रीतल्या जुन्या बायका सगळ्या सोडून गेल्या, मावशी रोज येऊन बसण्यातली नाही. तसं माणूस जगात एकच आहे आणि ते तू आहेस. मी काय करू.

ये.

ताई


२२ ऑगस्ट

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि त्यावर दीड ओळ. 'मी येणार नाही. तुझ्यासाठी डॉक्टरांपुढे खोटं बोलणार नाही.'

खोटं बोल असं कुणी म्हटलं गं तुला? पत्र वाचलंस की नुसतं हुंगलंस? खरं बोलायचंय. मी किती वाईट बोलते ते सांगायचंय. लहानपणापासून तू ज्याला त्याला तेच तर सांगत आलीस. करवत हे नाव कुणी ठेवलं माझं? तूच ना? तुझ्या सासरी पहिल्यांदा आले तेव्हा तुझ्या सासूने विचारलं, "करवत म्हणतात त्या तुम्हीच का?" आता एक शिकलेली बाई समोर बसून, वही उघडून, पुढे सांगा म्हणणार आहे. असली संधी तुला परत मिळायची नाही.

तिला सांग की तुझ्या पहिल्या पगाराची साडी बघून मी म्हणाले होते, पडद्याचं कापड चांगलं आहे. सांग की तुझा नवरा बघायला आला तेव्हा मी त्याला विचारलं, दात स्वतःचे आहेत का. सांग की रोलरवर आपण दोघी समोरासमोर चादरी धरायचो तेव्हा मी तुला एका दिवसात जेवढं बोलायचे तेवढं मुकादमही बोलायचा नाही. "ताण धर, ताण धर, मेलीस का." आणि आपल्या चादरीच्या घड्या सगळ्या लॉन्ड्रीत सरळ असायच्या, तेही सांग. ते नको सांगू हवं तर.

तू लॉन्ड्री सोडून गेलीस त्यानंतर समोर जी बाई आली तिला ताण धरता येत नव्हता. चादर ढिली पडली, रोलरमध्ये चुरगळली, मी सरळ करायला हात घातला. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तुझ्यावर ढकलत नाही. अशी कामं सगळेच सोडतात. झालं ते असं झालं, एवढंच.

मी तुला लग्नातल्या त्या बोलण्याबद्दल माफी माग म्हणत नाहीये. तू माझ्याशी गोड बोल असंही नाही. तू यायचंस, खुर्चीवर बसायचंस, माझ्याशी भांडायचंस आणि बाईंना सांगायचंस, होय, हीच ती. संपलं. मग जा.

आणि एक. मी गोड बोलायला लागले, तर मात्र पळत जाऊन बाईंना सांग. तेव्हा खरंच औषध डोक्यात गेलंय असं समज.

ताई


२९ ऑगस्ट

धाकटे,

दोन दिवस हात फार दुखतोय. बाहेर वारा आहे, खिडकी बंद केली तरी फटीतून लागतो. वाऱ्यानेही होतं.

तुला उगाच त्रास दिला. तुझं घर आहे, माणसं आहेत. एवढ्या लांबून कुणी यावं. नको येऊस. पत्रात जे जास्तीचं बोलले ते मनावर घेऊ नकोस. तू चांगली आहेस. मुलीला आशीर्वाद. तिला सांग, मावशीने हात ओढून घेतला तो तिच्यावर रागावून नव्हे.

इस्पितळात मी कळवते की माझं नाव कमी करा.

तब्येतीला जप.

ताई


२० सप्टेंबर

धाकटे,

छत्री विसरलीस. चष्म्याचं घरही विसरलीस, चष्मा नेलास हे नशीब. स्वयंपाकघरातली झाकणं तू कुठल्या शहाणपणाने लावलीस? एकही जागेवर नाही. मोठ्या डब्याचं लहानावर बसतं का? आणि माझ्या कपाटातल्या चादरी परत घडी करून ठेवल्यास, कुणी सांगितलं होतं? कोपरे जुळत नाहीत. सगळ्या उलगडून पुन्हा केल्या. दोन्ही हातांनी केल्या. सावकाश, मध्ये मध्ये थांबून, पण दोन्ही हातांनी.

नाव कमी करायला गेले तर बाईंनी हात बघून मला भरतीच करून घेतलं होतं. तू आलीस त्या पहिल्या दिवशी वॉर्डात बाईंशी काय काय बोललीस ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या म्हणशील मी असं म्हणालेच नाही. तुला वाटलं मी झोपलेय. पडद्याच्या या बाजूला मी टक्क जागी होते.

तू आत शिरलीस ती माझं ते एकोणतीस तारखेचं पत्र हातात घेऊन, ना 'नमस्कार' ना काही. "ही कुठे आहे? हिला झालंय काय?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही कोण?"

"सिस्टर."

बाई जरा दचकल्या असाव्यात. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे कुठली सिस्टर?"

"कुठली म्हणजे? सख्खी! हे बघा, हे पत्र वाचा. 'तुला त्रास दिला' म्हणते. 'तू चांगली आहेस' म्हणते. तब्येतीला जप म्हणते! डॉक्टर, माझ्या बहिणीला जन्मात असं बोलता आलेलं नाही. हिला काहीतरी भयंकर झालंय."

"पण त्या शांत आहेत हे चांगलंच नाही का?"

"शांत?" तुझा आवाज चढला. तो भोंग्याच्या वर गेला होता, सांगते तुला, समोरच्या वॉर्डात ऐकू गेला असणार. "ही शांत बसली की समजायचं, प्राणावर बेतलंय. ती नर्सबाईला घालून पाडून बोलली तो तिचा बरा दिवस होता. तुम्ही बऱ्या दिवशी औषध बंद केलंत आणि वाईट दिवसाला बरं म्हणताय."

बाईंचं पेन चालायचा आवाज आला. मग थांबला. त्या म्हणाल्या, "हे आम्हाला कसं कळणार होतं?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं बाहेर गेलीस. मग अगदी हळू म्हणालीस, "मला तरी कुठे कळलं. मुलीच्या लग्नात ही अशीच गप्प बसली होती. मी नाटक म्हणाले."

हे मी ऐकलंय. तू परत म्हणायची गरज नाही. मी परत विचारणार नाही. विषय मिटला.

मग ते औषध सुरू झालं आणि तू रोज खुर्ची ओढून समोर बसायचीस. ती नर्स दारात उभी राहून ऐकायची. तिसऱ्या दिवशी मी तुला म्हटलं, "काय गं, गालफडं काय वर आलीत, नवरा उपाशी ठेवतो का?" तशी ती पळत तुझ्याजवळ आली, "मॅडम, हे नॉर्मल?" आणि तू घड्याळ बघावं तसं माझ्याकडे बघून म्हणालीस, "हो, अगदी वेळेवर." मला इतकं हसू आलं की पाठीतली नळी हलेल म्हणून तिने माझे खांदे धरले. पोरगी गुणी आहे. आता मला ताई म्हणते.

सहाव्या दिवशी मात्र तू बरोबर पकडलंस. मी तुला आपल्या आईच्या नावाने हाक मारली आणि मला कळलंही नाही. तू तशीच उठलीस. भांडली नाहीस, हसली नाहीस, सरळ बाईंना जाऊन सांगितलंस. त्यांनी औषधाची धार कमी केली, दुसऱ्या दिवशी मी जागेवर. तेव्हा बाई म्हणाल्या, राग म्हणजे गोंधळ नव्हे, हा फरक घरच्याच माणसाला कळतो. मी म्हटलं, "माझी सिस्टर आहे ती. तुमची नव्हे."

पुढच्या महिन्यात पोटाच्या कातडीखाली औषध सोडणारी डबी बसवणार, तोवर नळी पाठीतच आणि औषधाची पिशवी कमरेला. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, हे तुला खरं सांगते. वारा सुटला की जाणवतं. भोंगा आहेच जागेवर, पण आता एक टॉवेल पडला की एक टॉवेल म्हणते. तेवढ्यात माझं भागतं.

दर आठवड्याला फोन करून माझ्याशी बोलायचं, हे बाईंनी तुला सांगितलंय. म्हणजे माझा नंबर चालू कर. केलास का? तुझ्या मुलीला बसव शेजारी, तुला ते जमायचं नाही. आणि फोनवर मी बोलत असताना मध्ये "बरं, बरं" करायचं नाही. मला ते ऐकलं की डोकं फिरतं, मग तू बाईंना कळवणार, मग त्या धार कमी करणार.

एक सांगायचं राहिलं. तू निघताना गाडी सुरू झाली आणि तू खिडकीतून हात काढून माझा हात धरलास. उजवा. तुझ्या लक्षात आलं तशी तू घाबरून सोडलास, आणि तुझं तोंड एवढंसं झालं. मी काही बोलले नाही, म्हणून तू गावाला पोचेपर्यंत काळजी केली असशील. करू नकोस. दुखलं नाही. तुझा हात गार आहे, एवढंच वर कळलं.

अजून थोडा वेळ धरायला हवा होतास.

हे मी शुद्धीत लिहिलंय. लगेच उठून बाईंना फोन करू नकोस.

तुझी,
करवत